या पेपरला एटीकेटी नाही

आपल्या होस्टेलवर रात्री अकरानंतर ज्या चर्चा रंगतात त्यात गाड्या, मोबाईल आणि कॅमेरे हे तीन विषय ठरलेले. कॅननवाला निकॉनवाल्याशी भांडतो, सोनीवाला दोघांनाही म्हातारे म्हणतो, आणि ज्याच्याकडे कॅमेराच नाही तो सगळ्यात जास्त बोलतो. मेगापिक्सेल, सेन्सर, सेकंदाला किती फोटो... सगळे आकडे तोंडपाठ! एवढे आकडे थर्मोडायनॅमिक्सचे पाठ असते तर आणखी काय पाहिजे होतं?

मी हदगावचा. आमच्याकडे हा विषय गप्पांचा नाही, पोटाचा आहे. माझ्या चुलतभावाचं गावात फोटो स्टुडिओचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि सीझनला लग्नाच्या ऑर्डरी. यंदा त्याला नवा कॅमेरा घ्यायचाय. शेजारच्या गावातल्या एका पोरानं साडेतीन लाखांची किट आणली आणि त्याच्या रील्स बघून दादाच्या दोन ऑर्डरी तिकडं गेल्या. तेव्हापासून दादाला झोप नाही. मला फोन करून म्हणतो, "एवढं इंजिनियरिंग शिकूलालास, एक कॅमेरा सांगता येईना व्हय रे?"

सांगता येतो. पण माझं म्हणणं असं की प्रश्नच उलट्या बाजूनं विचारला जातो. सगळे विचारतात, "सगळ्यात भारी कॅमेरा कोणता?" लग्नाचं काम करणाऱ्यानं विचारायला पाहिजे, "काय बिघडलं तर लग्न हातातून जाईल?" आपण बीम डिझाईन करताना सगळ्यात महाग सिमेंट कोणतं ते आधी बघत नाही, लोड किती येणार ते बघतो. कॅमेऱ्याचंही तसंच. तर आधी लोड बघू.

आमच्याकडच्या लग्नाचा सीझन म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यापासून ते आषाढाच्या तोंडापर्यंत, आणि खरी गर्दी सुगी घरात आल्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते मे. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४२-४३ च्या वर जातो हे होस्टेलच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. आता बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, वापरायचं तापमान ० ते ४० अंश. म्हणजे मंडपात पाय ठेवला की कॅमेरा कंपनीच्या हद्दीबाहेर गेला! त्यात रस्त्याची धूळ, हळदीची पूड, अक्षता, वरातीतला कागदी चुरा. हळदीच्या दिवशी तर आमचा भाग हळद पिकवणारा असल्यामुळे कुणी हात आखडता घेत नाही. कॅमेऱ्याच्या प्रत्येक फटीत हळद जाऊन बसते. म्हणून धूळ-ओलावा अडवणारी सीलबंद बॉडी ही चैन नाही, गरज आहे. हे दुकानातला पोरगा सांगत नाही, कारण तो एसीत बसून विकतो.

उजेडाचं आणखी वेगळं. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो आणि लग्न लागतं दोनला. वर लाल-पिवळा कापडी मंडप, त्यातून भर दुपारचं ऊन गाळून खाली येतं आणि अर्ध्या वऱ्हाडाची तोंडं लाल दिसतात, अर्ध्याची पिवळी. गोरज मुहूर्त असेल तर त्याहून अवघड. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मंगलाष्टकं सुरू होतात तेव्हा असलेला उजेड 'शुभमंगल सावधान' होईपर्यंत निम्म्यावर येतो. मामा मुलीला घेऊन येतो, अंतरपाट धरला जातो, पाच-सात मिनिटं मंगलाष्टकं, मग अंतरपाट बाजूला आणि हार. ती हार घालायची वेळ म्हणजे जेमतेम पाच सेकंद. त्यात पाचशे हात एकदम वर जातात, त्यातल्या दोनशे हातांत मोबाईल असतो, आणि एखादा काका बरोबर मध्ये येऊन उभा राहतो. हा क्षण परत येत नाही. आपल्याला बॅकलॉग राहिला तर पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, या पेपरला एटीकेटी नाही.

आता या लोडवर कॅमेरा तपासा.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्याआधी लेन्स. कॅमेऱ्यासोबत जी १८-५५ ची किट लेन्स येते ती झूम केल्यावर एफ ५.६ वर येते. त्याच जागी एफ २.८ ची लेन्स असेल तर चौपट उजेड आत येतो. चौपट! म्हणजे किट लेन्सवर शटर १/३० ठेवावं लागत असेल तिथे १/१२५ ठेवता येतं. १/३० ला अक्षता टाकणारे हात नुसते पुसलेले दिसतात, १/१२५ ला तांदळाचा दाणा दिसला नाही तरी हात तरी हात दिसतो. सेन्सरचं गणितही आपल्या पोरांनी एकदा करून बघावं. फुल फ्रेम म्हणजे ३६ गुणिले २४ मिलीमीटर. निकॉन-सोनीचा लहान सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६. क्षेत्रफळ काढा, मोठा सेन्सर सव्वादोन पटीहून थोडा जास्तच भरतो. फरक आहेच, पण लेन्सनं मिळणारा फरक त्याहून मोठा आहे. माझ्या मते सगळे पैसे फुल फ्रेम बॉडीत घालून तिच्यावर फुटकळ लेन्स लावणं म्हणजे बुलेट घेऊन तिला सायकलचं चाक लावणं. लग्नाला २४-७० च्या आसपासची एफ २.८ लेन्स हाच खरा कामाचा माणूस. कंपनीची परवडत नसेल तर टॅमरॉन-सिग्माची घ्या. टॅमरॉननं २०१८ मध्ये सोनीसाठी २८-७५ ची एफ २.८ लेन्स काढली आणि छोट्या स्टुडिओवाल्यांना ती खरोखर परवडली. आणि जोडीला ५० मिलीमीटरची एफ १.८, जी दहा-वीस हजारांत येते आणि हळदीच्या अंधाऱ्या खोलीत सोन्यासारखी चालते.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. कार्डाच्या खाचा किती? एक की दोन?

आमच्या नात्यातल्या एका लग्नात फोटोग्राफरचं मेमरी कार्ड ऐन वेळी गेलं. त्याच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड. नंतर सॉफ्टवेअर लावून हळदीचे आणि वरातीचे बरेच फोटो परत मिळाले, पण मंगलाष्टकं ते सप्तपदी, सगळं कोरं. दोन्हीकडचे पाहुणे आरडाओरडा करत होते. नवरीच्या आईनं मात्र शांतपणे एवढंच विचारलं, "मग आता काय, पुन्हा लावावं का लग्न?" त्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. फोटोग्राफरनं पैसे परत केले. पैशानं काय होतं?

दोन खाचा असलेला कॅमेरा प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहू शकतो. एक कार्ड गेलं तरी दुसऱ्यावर लग्न शाबूत. आपल्या भाषेत सांगायचं तर 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' काढून टाकणं. आता गंमत बघा. २०१२ चा कॅनन ५डी मार्क थ्री, २०१४ चा निकॉन डी७५०, या जुन्या गड्यांना दोन खाचा. आणि २०१८ मध्ये मिररलेसचा गाजावाजा करत आलेल्या निकॉन झेड६ आणि कॅनन ईओएस आर या दोघांना एकच! लग्नवाल्या फोटोग्राफरांनी जगभर ओरड केली. २०२० मध्ये आलेल्या झेड६ टू आणि कॅनन आर६ मध्ये दोन खाचा आल्या. सोनीनं ए७ थ्रीला २०१८ मध्येच दोन दिल्या होत्या. म्हणजे नवीन ते चांगलंच असतं असं नाही, हे साक्षात पुराव्यानिशी. निकॉनचा झेड५ हा स्वस्तातला फुल फ्रेम, तोही २०२० चा, त्यालाही दोन खाचा आहेत. माझं मत स्पष्ट आहे. ज्या कॅमेऱ्याला एकच खाच आहे तो फिरायला न्या, वाढदिवसाला न्या, लग्नाचा ॲडव्हान्स घेऊन त्याच्यावर उभे राहू नका. कितीही भारी असो.

मेगापिक्सेलचं लवकर संपवतो. करिझ्मा अल्बमचं एक पान साधारण १२ गुणिले १८ इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे १ कोटी ९४ लाख ठिपके, म्हणजेच १९.४ मेगापिक्सेल. अख्खं पान एका फोटोनं भरलं तरी २०-२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो. त्याहून जास्त घेतलात तर हार्ड डिस्क भरते आणि दुकानातला कॉम्प्युटर रडतो, एवढंच.

पण एका ठिकाणी मेगापिक्सेलवाल्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. आमच्याकडे घराघरात भिंतीवर हार घातलेले फोटो असतात. आजोबा, आजी, एखादा तरुण गेलेला काका. ते फोटो कधी काढले गेले? नव्वद टक्के म्हणायला माझ्याकडे सर्व्हे नाही, पण माझ्या भावकीत तरी ते बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठे केलेले आहेत. कारण म्हातारी माणसं स्वतःहून स्टुडिओत जात नाहीत. लग्नात मात्र नवा फेटा, नवं लुगडं, आणि कुणीतरी हाताला धरून "या आजी, फोटोत या" म्हणून स्टेजवर नेतं. तो फोटो नसेल तर पुढं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्याला हार घालायची वेळ येते. असे फोटो मी पाहिलेत. आधारवरचा फोटो जिवंत माणसाचाही ओळखू येत नाही!

गणित करू. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० ठिपके रुंदी. एका रांगेत १२ माणसं उभी केली की एका माणसाच्या वाट्याला ५०० ठिपके. ते कापून ८ इंच रुंद फ्रेममध्ये लावलं तर इंचाला जेमतेम साठ-बासष्ट ठिपके पडतात. चेहरा भिंतीवरून पीठ लावल्यासारखा दिसतो. इथं ४५ मेगापिक्सेल थोडी मदत करतील, खोटं कशाला बोला. पण त्यासाठी लाखभर जास्त घालण्यापेक्षा फुकटचा उपाय आहे. स्टेजवर चढताना-उतरताना प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक वेगळा, नीट, कमरेपासून वरचा फोटो काढायचा. ऑर्डरमध्ये नसला तरी. दादाला मी हे सांगितलं तर म्हणाला, "काका हेच करायचे की रोलच्या जमान्यात." छत्तीस फोटोंचा रोल, तो धुवायला नांदेडला पाठवायचा, आठ दिवसांनी कळायचं काय आलं ते. तरीही त्यातली एक-दोन फ्रेम म्हाताऱ्यांना! आज तीन-तीन हजार फोटो निघतात आणि आजी कुठंच नसते, कारण सगळा वेळ नवरीच्या पैंजणाचा स्लो मोशन काढण्यात गेलेला असतो.

ग्रुपचं अजून एक. एफ १.८ ची हौस ग्रुप फोटोत करायची नाही. मागची रांग धूसर होते, आणि मागच्या रांगेत नेमके नवरदेवाचे चुलते असतात, मग बसा भांडत. ग्रुपला एफ ५.६ किंवा ८ पाहिजे, तेवढा उजेड मंडपात नसतो, म्हणून दोन चांगले फ्लॅश पाहिजेत. फ्लॅशला बजेटमध्ये कुणी धरतच नाही. धरा.

आता इलेक्ट्रिकलच्या पोरांसाठी एक मजेचा भाग. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/४०० ठेवलं की एक फोटो उजळ, दुसरा काळपट, कधी फोटोवर आडवे पट्टे. नवशिका म्हणतो कॅमेरा खराब. कॅमेरा बरोबर असतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की लुकलुकीचं पूर्ण आवर्तन आत येतं आणि पट्टे जातात. २०१४ च्या कॅनन ७डी मार्क टू पासून काही कॅमेऱ्यांत ही लुकलुक ओळखून बरोबर वेळेला शटर उघडायची सोय आली आहे. घेताना ती आहे का ते विचारा. मिररलेसवाल्यांनी आणखी सांभाळायचं. त्यांचं 'सायलेंट' शटर ऐकायला फार छान, पण असल्या दिव्यांत पट्टे हमखास. आणि लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, त्याच्यावर डीजेचा लोड पडला की ५० हर्ट्झ हे नुसतं पुस्तकात राहतं!

डीजेवरून आठवलं. वरातीतले लेसर. लेसरचा किरण सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचा डाग किंवा रेघ पडू शकते. मिररलेसचा सेन्सर सतत उघडा असल्यामुळे त्याला धोका जास्त. डीएसएलआरमध्ये फोटो काढत नसताना आरसा आड असतो. वरातीत लेसर असेल तर जुना कॅमेरा काढा, नवा पिशवीत ठेवा.

कॅनन की निकॉन की सोनी, यावर मी काहीच बोलणार नाही. तिन्हीवर उत्तम लग्नं होतात. फक्त रंगाबद्दल थोडं बोलायचंय, कारण "कॅननचा स्किन टोन गोरा येतो" हे वाक्य आमच्याकडे विक्रीचा मुद्दा म्हणून वापरतात. कॅमेऱ्याचं मीटर जगातल्या सगळ्या वस्तू मध्यम राखाडी आहेत असं धरून चालतं. त्याला हदगाव माहीत नाही. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधू-वर दोघंही पांढऱ्या कपड्यांत, मागे पांढरं कापड, तर मीटर घाबरून फोटो काळपट करतं आणि चेहरे काळवंडतात. तांड्यावरच्या बंजारा लग्नात आरशांच्या कपड्यांवर फ्लॅश मारला की आरसेच आरसे, माणूस गायब. हे हातानं सुधारावं लागतं, कोणत्याही कंपनीचा कॅमेरा आपोआप करत नाही. हे दुखणं जुनं आहे. कोडॅकच्या काळात लॅबमधला रंग जुळवायला जे कार्ड वापरायचे त्यावर गोरी बाई असायची, 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला, आणि कित्येक वर्षं जगभरचे चेहरे तिच्या रंगाशी जुळवले गेले. वेगवेगळ्या वर्णाच्या बायका त्या कार्डावर यायला नव्वदचं दशक उजाडलं. आणि आता आपण कॉम्प्युटरवर बसून स्वतःच्याच पोरींना पीठ लावतो! सावळी मुलगी सावळीच छान दिसते. अल्बम बघून तिच्या लहान भावानं "ही कोण?" असं विचारू नये एवढीच अपेक्षा. हा मुद्दा कॅमेऱ्याचा नाही हे मला मान्य, पण "गोरा येतो" म्हणून कुणी तीस हजार जास्त मोजत असेल तर तो मुद्दा कॅमेऱ्याचाच होतो.

आता पैशाचं. समजा तीन लाखांचं कर्ज, तीन वर्षांसाठी, १२ टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता जवळपास दहा हजार बसतो, कॅल्क्युलेटरवर करून बघा. मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटात ५० हजार ते ५ लाखांपर्यंत कर्ज बसतं, तेव्हा बँकेत प्रयत्न करता येतो. पण हप्ता बारा महिने असतो आणि लग्नं पाच-सहा महिने! श्रावणात हप्ता कुठून भरणार, पासपोर्ट फोटोतून? त्यात सोयाबीनला भाव नसला की लोक आधी फोटोग्राफरचंच बिल लांबवतात. मंडपवाला भांडी अडवून ठेवतो, आचारी चूल पेटवत नाही, फोटोग्राफर मात्र "अल्बम न्यायला येऊ तेव्हा देऊ" यावर गप्प बसतो. मग अल्बम दोन-दोन वर्षं दुकानात पडून. म्हणून मी म्हणतो, कॅमेरा असा घ्या की एका सीझनमध्ये निम्मी किंमत वसूल झाली पाहिजे. तसं होत नसेल तर तो कॅमेरा तुमचा नाही, फायनान्सवाल्याचा आहे.

यावर दादाच्या घरी जी चर्चा झाली त्यात सगळ्यात शहाणा प्रश्न वहिनीनं विचारला. वहिनी दुकानात अल्बमचं डिझाईन करते, म्हणजे वाईट फोटोंचा त्रास सगळ्यात आधी तिला होतो. ती म्हणाली, "एक तीन लाखांचा घेण्यापेक्षा दीड-दीड लाखात दोन किटा होईनात का? एक माझ्या हातात द्या. नवरीच्या खोलीत तुम्हाला तसंही दारातच उभं करतात."

मला तर हे ऐकून टाळ्याच वाजवाव्या वाटल्या. दोन कॅमेरे म्हणजे एक बंद पडला तरी लग्न चालू. दोन कॅमेरे म्हणजे हार घालताना एक समोरून, एक बाजूनं, मधे आलेला काका एकाच्याच फोटोत. आणि बाईच्या हातात कॅमेरा म्हणजे हळद, चुडा भरणं, नवरीचं नटणं, पाठवणीच्या आधीचं रडणं, जे आजवर आमच्याकडच्या अल्बममध्ये नसायचंच, ते सगळं येणार. ही काही नवी कल्पनाही नाही. निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी हैदराबादला १८९२ मध्ये बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथं फोटो काढायला बाईच ठेवली होती. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. एकशे तीस वर्षं उलटून गेली, आणि हदगावात वहिनीनं कॅमेरा धरायचा म्हटल्यावर चार माणसं अजून माना वळवून बघतात. बघू देत.

दादाची एक शंका होती, जुनी डीएसएलआर घ्यावी की नवी मिररलेस. खरं आहे, कॅनन-निकॉननं २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेलाच नाही, हा रस्ता पुढं बंद होणार. पण दीड लाखात लेन्ससकट बसवायचं असेल तर सेकंडहँड डी७५० किंवा ५डी मार्क थ्री अजून पाच वर्षं काम देतो. बॅटरीही बघा. डी७५० चा कंपनीचा आकडा एका चार्जवर १२३० फोटोंचा, झेड६ चा ३१० चा. प्रत्यक्षात दोन्ही जास्त चालतात, पण प्रमाण लक्षात घ्या. ज्या गावात लाईट कधी येईल ते फक्त डीपीला माहीत, तिथं हा आकडा मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे. नवा मिररलेस घ्यायचा तर तीन-चार बॅटऱ्यांचे पैसे आधी बाजूला काढा. नव्याचा फायदा एकच पण मोठा, डोळ्यावर फोकस. माणूस मान वळवतो तरी फोकस डोळ्याला चिकटून राहतो. वहिनीसारख्या नव्यानं शिकणाऱ्याला तो फार उपयोगी. म्हणून मी सुचवलं, दादाला जुना डी७५०, वहिनीला झेड५. लेन्सची खोबण वेगळी आहे, पण निकॉनचं ॲडॅप्टर लावून निकॉनच्याच मोटर असलेल्या जुन्या लेन्सा झेडवर चालतात. दुसऱ्या कंपनीची लेन्स असेल तर आधी लावून बघायची.

सेकंडहँड घेताना गोड बोलण्यावर जायचं नाही. शटर किती वेळा पडलंय तो आकडा फोटोच्या फाईलमधून काढता येतो. डी७५० चं शटर कंपनीनं दीड लाख वेळा चालवून तपासलेलं. एका लग्नाला अडीच हजार फोटो धरले तर ४० लग्नांत एक लाख होतात, तेव्हा "एकच वर्ष वापरलाय भाऊ" याचा अर्थ समजून घ्या. डी७५० च्या सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांच्या शटरबद्दल निकॉननं २०१५ मध्ये सूचना काढून दुरुस्ती मोफत करून दिली होती, ती झालीय का ते विचारा. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. दोन्ही खाचांत कार्ड घालून दोन्हीवर फोटो लिहिला जातो का ते तिथंच बघा. बिल मागा. बिल नसेल तर तो कॅमेरा कुणाच्या तरी लग्नातून उचललेला असू शकतो. हदगावहून नांदेड साठ-पासष्ट किलोमीटर, कॅमेरा बघायला जाताना वारंगा फाट्यावर खिचडी खायला थांबा, हरकत नाही, पण जाताना. येताना हातात कॅमेरा असतो आणि हात तेलकट.

ड्रोनबद्दल विचारू नका. आधी दोन कॅमेरे, दोन फ्लॅश, चार कार्डं आणि फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवायला दोन हार्ड डिस्क. उरले पैसे तर बोलू.

कॅमेरे दिवाळीच्या सुमारास हातात यावेत असं ठरतंय. ट्रायल कुठं घ्यायची तेही ठरलंय. तुळशीचं लग्न! आमच्या वाड्यात रात्री आठला लागतं. उसाचा मांडव, पणत्यांचा उजेड, एक पिवळा बल्ब, अंतरपाट, अक्षता, मंगलाष्टकं, सगळी सामग्री अस्सल. दोघंही दोन बाजूंनी उभे राहून पूर्ण लग्न काढणार आणि त्याच रात्री फोटो उतरवून बघणार. त्यात काही हुकलं तरी नवरीकडची मंडळी भांडायला येत नाहीत.